सालीवरचा अर्ज: यिर्कालाचं प्रकरण आणि किनारीतली चतुःसीमा

जमिनीच्या कागदपत्रांच्या कामात वीस-बावीस वर्षं गेली की एक सवय लागते, कुठलाही कागद हातात आला की आधी चतुःसीमा वाचायची. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस ओढा का गाडीवाट. बाकीचा मजकूर, राजीखुशीने लिहून देतो वगैरे, तो सगळीकडे सारखाच असतो. पण १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या योलंगू आदिवासींनी आपल्या जमिनीवरच्या खाणीविरुद्ध कॅनबेराच्या पार्लमेंटला झाडाच्या सालीवर जो अर्ज केला, त्याचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी तो नेमका उलटा वाचला. मधे चिकटवलेला टाईप केलेला कागद वाचला कारण त्यात इंग्रजी होतं, समजत होतं, आणि कडेची रंगीत किनार बघून म्हटलं, वा, डेकोरेशन छान केलंय, आपल्या लग्नपत्रिकेला वेलबुट्टी असते तसं. ती किनार म्हणजेच चतुःसीमा आहे हे कळायला मला बरेच दिवस लागले. कॅनबेराच्या सरकारला साठ वर्षं लागली, आणि तीही कोर्टात हरल्यावर.

हे प्रकरण मला पूर्ण लिहून काढायचं होतं कारण ‘आदिवासींचं आंदोलन आणि त्यांची कला’ असा विषय निघाला की लोक दोन वेगळे कप्पे करतात, आंदोलन इकडे आणि चित्रं तिकडे, चित्र म्हणजे आंदोलनाचं पोस्टर. इथं तसं नाहीये. इथं चित्र हाच दस्त आहे.

जागा आणि माणसं

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात वर उत्तरेला नॉर्दर्न टेरिटरी नावाचा जो भाग आहे त्याचं ईशान्येचं टोक म्हणजे आर्नहेम लँड, आणि त्यातही अगदी कोपऱ्यात गोव्ह नावाचं द्वीपकल्प. यिर्काला हे तिथलं गाव. लोक योलंगू. १९३१ मध्ये सरकारनं आर्नहेम लँड हे आदिवासींसाठी राखीव म्हणून जाहीर केलं, १९३५ मध्ये यिर्कालाला मेथडिस्ट मिशन आलं. पण योलंगू लोकांना बाहेरची माणसं नवीन नव्हती बरं का. इंडोनेशियातल्या मकासारहून दरवर्षी पावसाळी वाऱ्यावर होड्या यायच्या, समुद्रकाकडी (खायचा एक समुद्री प्राणी) गोळा करायला, किनाऱ्यावर मुक्काम करायचे, देवाणघेवाण व्हायची, आणि वारा फिरला की परत जायचे. हे कितीतरी पिढ्या चाललं, १९०७ च्या सुमारास सरकारनं बंद पाडलं. त्या व्यवहारातून योलंगू भाषेत पैशाला आजही ‘रुपिया’ म्हणतात, आणि तो शब्द शेवटी आपल्या रुपयाच्याच कुळातला. हे वाचून मला उगाचच नातेवाईक सापडल्यासारखं झालं.

मुद्दा असा की कोणाच्या किनाऱ्यावर उतरायचं तर त्याला विचारायचं, काहीतरी द्यायचं, ही पद्धत त्यांच्याकडे आधीपासून होती.

योलंगू समाजाचे दोन भाग, धुवा आणि यिरिचा. लग्न एका भागातल्याचं दुसऱ्या भागातल्याशीच. आणि नुसती माणसं नाहीत, सगळं जगच या दोनात वाटलेलं, मासे, पक्षी, वारे, झाडं, जमिनीचे तुकडे, समुद्रातलं पाणीसुद्धा. प्रत्येक भागात अनेक कुळं आणि प्रत्येक कुळाची ठरलेली जागा. त्या जागेची गाणी, नाच आणि नक्षी ही त्या कुळाची. या नक्षीला ‘मिंजी’ म्हणतात. एका कुळाचे चौकोन एका मापाचे, दुसऱ्याचे लांबट, तिसऱ्याच्या रेघा लाटेसारख्या, आणि जाणकार माणूस लांबून बघून सांगतो की ही अमुक कुळाची अमुक खाडीजवळची जागा. दुसऱ्याची मिंजी परवानगीशिवाय काढणं हा तिथं चोरीपेक्षा मोठा गुन्हा, आपल्या भाषेत खोटा दस्त करण्यासारखा.

आता चित्रासाठी झाडाची एक साल कशी तयार होते ते सांगतो, कारण हे नीट बघितलं तर पुढचं समजतं. स्ट्रिंगीबार्क नावाचा युकॅलिप्टस असतो, निलगिरीच्याच जातीचा, त्याची साल पावसाळ्यात झाडात रस चढलेला असताना काढतात, तेव्हाच ती अख्खी सुटून येते. एक आडवा काप खाली, एक वर, एक उभा, आणि मग कोट काढावा तशी साल उतरवायची. बाहेरचा तंतूंचा खरबरीत थर तासून टाकायचा, विस्तवावर शेकायची म्हणजे ती मऊ पडते, मग जमिनीवर सपाट पसरून वर दगड ठेवून वाळू द्यायची. रंग चारच: लाल आणि पिवळी गेरूची माती, काळा, आणि पांढरी चिकणमाती जिला ‘गापान’ म्हणतात. बारीक रेघांचा ब्रश म्हणजे माणसाच्याच डोक्याचे थोडेसे सरळ केस काडीला बांधलेले, नाव मारवात. हा ब्रश टोकावरून नाही चालवत, केसांची सगळी लांबी रंगात भिजवून सालीवर आडवी टेकवायची आणि हळूच आपल्याकडे ओढायची. एक रेघ. परत बुडवायचं, परत एक रेघ. एका वितीत शेकडो रेघा बसतात आणि त्या एकमेकींवर तिरक्या आल्या की चित्र लखलखायला लागतं, उन्हात पाणी लखलखतं तसं. त्या लखलखण्याला ‘बिरयुन’ असा शब्द आहे, आणि ते म्हणजे त्या जागेतली पूर्वजांची ताकद दिसणं. सुंदर दिसतं हा त्यातला दुय्यम भाग.

१९६३ मध्ये नेमकं काय झालं

गोव्हला जमिनीखाली बॉक्साईट होतं, ॲल्युमिनियमचा कच्चा माल. फेब्रुवारी १९६३ मध्ये पंतप्रधान मेन्झीस यांच्या सरकारनं जाहीर केलं की खाणीसाठी राखीव क्षेत्रातली जमीन वगळणार, आणि मार्चमध्ये वगळलीसुद्धा. १४० चौरस मैल. आपल्या हिशोबात जवळपास ९० हजार एकर. तिथं राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही, नोटीस नाही, हरकती मागवल्या नाहीत, चावडीवर कागद चिकटवतात तेवढंही नाही. अर्थात कायद्यानं विचारायची गरजच नव्हती, कारण त्या काळात नॉर्दर्न टेरिटरीतले बहुतेक आदिवासी हे सरकारच्या पालकत्वाखालची माणसं म्हणून नोंदलेले होते, चाळिशीतला बापमाणूससुद्धा कागदोपत्री अज्ञान, म्हणजे अल्पवयीन. मताचा हक्क मिळून एक वर्ष झालं होतं.

मिशनच्या वरच्या मंडळींची खाणीला हरकत नव्हती. पण यिर्कालाचे प्रमुख रेव्हरंड एडगर वेल्स यांना हे पटेना, त्यांनी बाहेर तारा पाठवल्या, पेपरात बातम्या आल्या. पुढे मिशननंच त्यांना तिथून काढलं, ते वेगळंच.

याच्या थोडं आधी, १९६२-६३ मध्ये, यिर्कालाच्या नव्या चर्चसाठी योलंगू वडीलधाऱ्यांनी दोन मोठे फलक रंगवले होते. चर्च पॅनेल्स. साधारण बारा फूट उंच, एक धुवाचा, एक यिरिचाचा, वेगवेगळ्या कुळांच्या प्रमुखांनी आपापला भाग आपापल्या मिंजीनं भरलेला. मावालान मारिका, नारिचिन मायमुरू, मुंगुरावुय युनुपिंगू, त्यातल्या त्यात तरुण गाविरिन गुमाना, अशी सगळी मंडळी त्यात होती. ते वेदीच्या दोन बाजूंना उभे केले. म्हणजे बघा, ख्रिश्चन देवळात जाऊन यांनी अख्ख्या प्रदेशाचा गाव नकाशा उभा केला, तोही खाणीची कुणकुण लागलेल्या वेळेला. सगळ्या कुळांनी एकत्र सही केल्यासारखं. मला विचाराल तर खरं आंदोलन इथंच सुरू झालं, फक्त बाहेरच्यांना ते चर्चची सजावट वाटलं.

जुलै १९६३ मध्ये लेबर पक्षाचे दोन खासदार, किम बीझली थोरले आणि गॉर्डन ब्रायंट, यिर्कालाला आले. बीझलींनी ते फलक बघितले आणि सुचवलं की पार्लमेंटला अर्ज करा, आणि तो याच पद्धतीनं, सालीवर करा. मजकूर ठरला, एडगर यांच्या पत्नी ॲन वेल्स यांनी टाईपरायटरवर इंग्रजीत आणि योलंगू भाषेत तो टाईप केला, कागद सालीवर चिकटवला, भोवती किनार रंगवली. अशा चार साली तयार झाल्या.

मजकूर वाचला तर आपल्याकडच्या कुठल्याही भूसंपादनाच्या हरकतीसारखा आहे, अगदी तोच सूर. जमीन वगळायची प्रक्रिया आम्हाला आधी सांगितली नाही, लपवून ठेवली. साहेब लोक आले ते झालेला निर्णय सांगायला आले, आमचं म्हणणं वर पोचवायला नाही. ही जमीन आमची शिकारीची आणि अन्न गोळा करायची आहे, आम्ही सगळे इथं जन्मलो. वगळलेल्या भागात पवित्र जागा आहेत, विशेषतः मेलव्हिल बेजवळ. आणि मग एक वाक्य आहे ज्याच्यापाशी मी थांबलोच, की लाराकिया लोकांची जी गत झाली ती आमची होईल अशी भीती वाटते. लाराकिया म्हणजे जिथं आज डार्विन शहर आहे तिथले मूळ लोक. शहर झालं, ते उपरे झाले. शेवटी मागणी फार साधी: समिती नेमा, चांगले दुभाषे सोबत पाठवा, आमचं ऐकून घ्या आणि त्याआधी कुठल्या कंपनीशी करार करू नका.

१४ ऑगस्ट १९६३ ला नॉर्दर्न टेरिटरीचे खासदार जॉक नेल्सन यांनी पहिला अर्ज सभागृहात मांडला. त्यावर बारा नावं होती, पुरुषांची आणि बायकांचीही. मंत्री पॉल हॅसलक यांनी काय हरकत घ्यावी? की सह्या करणारी माणसं तरुण आहेत, कुळांच्या वतीनं बोलायचा त्यांना अधिकार नाही. अहो, लिहिता-वाचता येणारी तरुणच असणार ना, शाळा आल्या त्या मिशनसोबत! हे वाचताना मला हसू आलं आणि रागही आला, कारण हाच डाव मी टेबलाच्या अलीकडून कितीदा बघितलाय, अर्जातला मुद्दा राहू दे बाजूला, आधी सही कोणाची, अधिकारपत्र कुठंय, हे आणा मग बोलू. एकदा एका ऑफिसात एका म्हाताऱ्या काकूंना तीन वेळा परत पाठवलेलं, नावात काना जास्त आहे म्हणून.

योलंगूंनी उत्तर असं दिलं की पुढचा अर्ज वडीलधाऱ्यांच्या अंगठ्यांनी भरून पाठवला. आपल्याकडं जुन्या दस्तावर ‘नि. डा. अं.’ असतं, निशाणी डावा अंगठा, तसाच प्रकार. २८ ऑगस्टला विरोधी पक्षनेते आर्थर कॉलवेल यांनी तो मांडला. एकावर धुवाची किनार, दुसऱ्यावर यिरिचाची. म्हणजे दोन अर्ज मिळून एक अख्खं जग पूर्ण होतं, जोडी आहे ती. आदिवासी भाषेत लिहिलेला आणि पार्लमेंटनं रीतसर दाखल करून घेतलेला हा पहिलाच अर्ज.

आणि गंमत इथंच आहे. हॅसलक साहेब मधल्या कागदावरच्या सह्यांचा अधिकार तपासत बसले, पण अधिकार तर किनारीत होता. मासे, कासवं, घोरपडी, साप, आणि त्यांच्यामागची ती मिंजी, ती रंगवायचा हक्क असलेल्याच माणसानं रंगवलेली. कुळप्रमुखाच्या संमतीशिवाय ती नक्षी सालीवर येऊच शकत नाही. मधला कागद हा खरं तर कॅनबेरासाठी केलेलं भाषांतर होतं, मूळ दस्त कडेला होता, आणि भाषांतरावरची सही खरी का खोटी यावर सभागृहात चर्चा चालली होती.

पुढं काय झालं, म्हणजे हरले का जिंकले

लगेच? हरले. समिती मात्र नेमली गेली, यिर्कालाला जाऊन साक्षी घेतल्या, ऑक्टोबर १९६३ मध्ये अहवाल आला, त्यात भरपाई द्या, पवित्र जागा जपा अशा शिफारशी होत्या. खाण काही थांबली नाही. १९६८ मध्ये नबाल्को नावाच्या कंपनीशी सरकारचा करार झाला. खाणीसाठी वसवायच्या नव्या गावाचं नाव गोव्ह ठेवायचा घाट होता तर योलंगूंनी त्यावरही परत सालीवर अर्ज केला की त्या जागेचं नाव नुलुनबुय आहे, आणि ते नाव राहिलं. नाव मिळालं, जमीन गेली. नाव मिळण्याला मी कमी लेखत नाही, गावाचं नाव चुकीचं लागलं की पुढे शंभर वर्षं निस्तरत बसावं लागतं हे रेकॉर्डवाल्या माणसाला विचारा.

मग ते कोर्टात गेले. डिसेंबर १९६८ मध्ये दावा, आणि २७ एप्रिल १९७१ ला निकाल, मिलिर्पुम विरुद्ध नबाल्को. मिलिर्पुम हे पहिल्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकीच एक. सुनावणीत वडीलधाऱ्यांनी न्यायाधीश ब्लॅकबर्न यांना आपल्या कुळाच्या रंग्गा, म्हणजे एरवी बाहेरच्याला कधीच न दाखवायच्या पवित्र वस्तू, दाखवल्या. त्यांच्या दृष्टीनं तो पुराव्याचा कळस होता, तिजोरीतून मूळ खरेदीखत काढून टेबलावर ठेवण्यासारखा. न्यायाधीश मनापासून प्रभावित झाले असावेत, कारण निकालात त्यांनी लिहिलं की या लोकांची व्यवस्था अतिशय बारकाईनं बांधलेली आहे, व्यक्तींच्या लहरीवर नाही तर कायद्यावर चालणारी आहे. आणि तरी दावा फेटाळला. कारण काय, तर ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात मूळ रहिवाशांचा असा सामुदायिक हक्क नाहीच, आणि दुसरं म्हणजे कुळाचं जमिनीशी जे नातं आहे ते ‘मालमत्ता’ या व्याख्येत बसत नाही. जमीन कुळाची आहे असं म्हणण्यापेक्षा कुळ जमिनीचं आहे असं म्हणणं जास्त बरोबर, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. मालमत्ता म्हणायचं तर दुसऱ्याला बाहेर ठेवता आलं पाहिजे, विकता आलं पाहिजे वगैरे.

हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. विकता येत नाही म्हणून मालकी नाही? आपल्याकडं देवस्थान इनामाची जमीन असते, सातबाऱ्यावर देवाचं नाव, पुजारी फक्त वहिवाटदार, विकायचा प्रश्नच नाही, तरी कोणी म्हणत नाही की ही बेवारस. भोगवटादार वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, आदिवासींची बिगरआदिवासीला सहज देता येत नाही. ब्लॅकबर्न साहेबांना एखादा जुना अव्वल कारकून मदतीला मिळाला असता तर बरं झालं असतं असं उगाच वाटून गेलं.

पण हरलेली केस कधीकधी जिंकलेल्यापेक्षा लांब जाते. सरकार म्हणायला लागलं की आता कोर्टानंच सांगितलं, हक्कबिक्क नाही, हवं तर भाडेपट्टा घ्या, आणि २५ जानेवारी १९७२ ला पंतप्रधान मॅकमहॉन यांनी तसं जाहीर केलं. त्याच रात्री चार आदिवासी तरुण सिडनीहून निघाले आणि २६ तारखेला, म्हणजे ऑस्ट्रेलिया डेच्या दिवशी, कॅनबेराला पार्लमेंटसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवून बसले. आम्हाला आमच्याच देशात परके केलंत ना, मग ही आमची एम्बसी. टेंट एम्बसी. हॅरॉल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये केलेला काळा-लाल-पिवळा झेंडा याच छत्री-तंबूमुळे देशभर गेला. (त्या झेंड्याचा कॉपीराईट थॉमस यांच्याकडे असल्याचं कोर्टानं १९९७ मध्ये मान्य केलं आणि २०२२ मध्ये सरकारला तो २ कोटी डॉलरच्या वर पैसे मोजून विकत घ्यावा लागला. ज्या सरकारनं जमीन फुकट घेतली त्यालाच कापडाच्या डिझाईनचे पैसे द्यावे लागले.)

१९७२ च्या शेवटी सरकार बदललं, योलंगूंचे वकील एडवर्ड वुडवर्ड यांनाच आयोगावर नेमलं आणि त्यातून १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा आदिवासी जमीन हक्क कायदा आला. आर्नहेम लँड आदिवासींच्या ट्रस्टकडे गेलं. गोव्हच्या खाणीचा पट्टा मात्र होता तसाच चालू राहिला, म्हणजे ज्यांच्या अर्जामुळं कायदा आला त्यांच्याच जमिनीचा तो तुकडा हातात आला नाही. १९९२ मध्ये माबो केसमध्ये, म्हणजे टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासीयांच्या जमिनीच्या दाव्यात, हायकोर्टानं (तिथलं हायकोर्ट म्हणजे देशातलं सर्वोच्च न्यायालय) ब्लॅकबर्न यांचा सिद्धांतच उलटवला.

वस्तूंचं काय झालं

आता चित्रांकडे येतो. दोन्ही अर्ज कॅनबेराच्या पार्लमेंट हाऊसमध्ये काचेत आहेत. त्याच इमारतीत मॅग्ना कार्टाची १२९७ सालची प्रत आहे, म्हणजे शेजार चांगला मिळाला. तिसरी साल नॅशनल म्युझियममध्ये. चौथीचा कित्येक वर्षं पत्ता नव्हता. इतिहासकार क्लेअर राईट यांनी माग काढत ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डर्बी गावात एका घरात शोधली, जुने कार्यकर्ते स्टॅन डेव्ही यांच्याकडे ती गेलेली होती. २०२२ मध्ये योलंगूंच्या ताब्यात दिली गेली, ॲडलेडला दुरुस्ती होऊन २०२३ च्या शेवटी ती यिर्कालाला परत आली.

चर्चच्या फलकांची कथा याहून बोचरी आहे. १९७४ च्या सुमारास मिशनमध्येच कोणाला तरी ते चर्चमध्ये शोभेनासे वाटले आणि ते बाहेर काढून टाकले. अक्षरशः टाकले. चार वर्षांनी ते उचलून आणले गेले आणि आज ते यिर्कालाच्या बुकू-लारंगाय मुल्का कला केंद्रात खास खोलीत उभे आहेत. हे केंद्र मिशनच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत सुरू झालं. गाविरिन गुमाना हे फलक रंगवणाऱ्यांतले शेवटचे हयात चित्रकार, ते २०१६ मध्ये गेले.

आणि मधल्या काळात बाजार आला. वांजुक मारिका, मावालान यांचे चिरंजीव, यांना एक दिवस स्वतःची पवित्र नक्षी टी टॉवेलवर छापलेली दिसली. भांडी पुसायच्या फडक्यावर! त्यांनी काही काळ ब्रशच खाली ठेवला. नंतर कलाकारांच्या कॉपीराईटसाठी जी धडपड झाली त्यात ते पुढे होते. त्यांची बहीण बंदुक मारिका यांचं चित्र पुढे व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर आलं, त्यावर खटला झाला आणि १९९४ मध्ये कोर्टानं चित्रकारांच्या बाजूनं निकाल दिला, नुसत्या पैशाच्या नुकसानीचा नाही तर समाजात त्यांना जी मान खाली घालावी लागली त्याचाही विचार केला. बाहेरच्याला वाटेल एका डिझाईनवरून एवढं काय. पण सातबारा कोणी डोअरमॅटवर छापून विकला, आणि वर गावात लोक तुम्हालाच विचारायला लागले की तूच दिलास ना, तर कसं वाटेल.

१९९६ मध्ये तर हे सगळं नव्यानं घडलं. आर्नहेम लँडच्याच किनाऱ्यावर ब्लू मड बेजवळ गारांगाली इथं, मगरीच्या पवित्र जागेत, बेकायदा मासेमारीच्या तळावर पोत्यात मगरीचं कापलेलं डोकं सापडलं. तिथले कुळप्रमुख आणि चित्रकार जांबावा मारावीली आणि आसपासच्या कुळांनी पोलीस-तक्रार यापलीकडं जाऊन काय केलं, तर चित्रं काढली. ४७ चित्रकार, ८० साली, किनाऱ्याचा आणि समुद्राचा प्रत्येक तुकडा कोणाचा, कुठलं पाणी कुठल्या पाण्यात मिसळतं, सगळं. समुद्राची मोजणीच म्हणा. ती चित्रं देशभर फिरली, सिडनीच्या मेरीटाईम म्युझियमनं घेतली, आणि कोर्टातली लढाई बाजूला चालूच होती, ३० जुलै २००८ ला हायकोर्टानं सांगितलं की भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं पाणीसुद्धा त्यांच्याच जमिनीचा भाग, मासेमारीला आत यायचं तर परवानगी घ्या. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत तीच युक्ती, पण यावेळी मधला टाईप केलेला कागद सालीवर नव्हताच, नुसती किनारच मोठी होऊन अख्खी साल झाली होती.

आपल्याकडं २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं लिहून घेऊन पुरावा म्हणून चालतं, देवराई, दफनभूमी, जुनी विहीर हे पुरावे म्हणून चालतात. दावे भरताना मी हे कलम वापरलेलं आहे, आणि समोरचा तरी शेवटी ‘कागद काय आहे’ असं विचारतोच.

खाण, आणि जे अजून मिटलं नाही

हे प्रकरण गोडगोड करून सांगायचं नाहीये म्हणून हेही लिहितो. योलंगू सगळे खाणविरोधी असं काही नाही. मुंगुरावुय यांचे चिरंजीव गलारवुय युनुपिंगू, १९६३ ला पंधरा वर्षांचे, वडिलांसोबत अर्जाच्या कामात होते, नंतर कोर्टात दुभाषे होते, पुढे उभ्या देशाचे नेते झाले. २०११ मध्ये खाणीच्या नव्या करारावर त्यांच्या गुमाच कुळानं सही केली, आणि पुढे गुमाच लोकांनी स्वतःचीच छोटी बॉक्साईट खाण सुरू केली. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एवढंच होतं की विचारा. विचारून घ्या, मोबदला द्या, आणि कुठं खणायचं कुठं नाही हे आम्ही सांगू. आपल्यातले काही मित्र हे ऐकून नाराज होतात, त्यांना आदिवासी फक्त जंगल राखणारा हवा असतो. ॲल्युमिना कारखाना २०१४ मध्ये बंद झाला आणि नुलुनबुय अर्धं ओस पडलं, ते कंपनीच्या हिशोबानं, कोणाच्या आंदोलनानं नाही.

२०१९ मध्ये गलारवुय यांनी शेवटचा दावा टाकला, की खाणीसाठी जमीन घेतली ती आमची मालमत्ता होती, घटनेप्रमाणं योग्य मोबदला द्या. एप्रिल २०२३ मध्ये ते गेले. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानं सरकारचं अपील फेटाळलं. म्हणजे ब्लॅकबर्न साहेबांनी ज्याला मालमत्ता म्हणायला नकार दिला, तीच जमीन, तेच कुळ, आणि आता ती मालमत्ता. मागणी साधारण ७० कोटी डॉलरची आहे, प्रत्यक्ष आकडा किती तो त्या निकालात ठरला नाही.

आणि तो ठरवताना एक गोष्ट येणारच, जी कुठल्याही वाटपात येते. गुमाच आणि शेजारचं रिरात्जिंगू कुळ, म्हणजे मारिका मंडळींचं, यांच्यात खाणीच्या रॉयल्टीवरून आधीच कोर्टकज्जे झालेले आहेत, कोणाची हद्द कुठपर्यंत यावरून. एक धुवा, एक यिरिचा, पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक, आणि दोघांचे आजे त्या एकाच अर्जामागं उभे होते. आता कोणीतरी बसून त्या किनारी खरोखर वाचायला लागतील, हा चौकोन कुठं संपतो आणि ती लाट कुठं सुरू होते, आणि यावेळी वाचणारे कॅनबेराचे नसतील.